टिकलीसाठी शंकरपाळी

माघ सरत आला की तासगावच्या हवेला एक वास येतो. द्राक्षं ज्या तेलाच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात त्या पाण्याचा, आणि त्यात मिसळलेला वाळत्या द्राक्षांचा आंबूस गोडवा. परगावची माणसं एसटीतून उतरली की नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. यंदाही तो आला. बेदाण्याच्या शेडवर हिरवं कापड चढलं, बायकांच्या टोळ्या ट्रॉलीत बसून शेडकडे जाऊ लागल्या, आणि जो तो आभाळाकडे बघत बोलायला लागला. या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘ढग हाय का?’ विचारतात.

हा वास आला की ज्याला त्याला आपापलं काहीतरी आठवत असणार. मला शंकरपाळी आठवते. ज्वारीच्या पिठाची, लाल भोपळा घातलेली, बिनसाखरेची, बिनमिठाची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तीन वर्षांपूर्वी अशाच बेदाण्याच्या हंगामात ती मी पहिल्यांदा केली. कुणासाठी केली, हे आमच्या आळीत अजून हसून हसून सांगतात.

त्या हंगामात आमची एकुलती एक मुलगी केतकी नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि जाताना टिकलीला आमच्याकडे ठेवून गेली. टिकली म्हणजे कुत्री. आता आमच्या गावाच्या समजुतीप्रमाणे कुत्रं म्हणजे वस्तीवर राखण करणारं, ट्रॅक्टरमागे धावणारं, भाकरी हवेतच झेलणारं. ही अडीच किलोची. पिशवीत घालून बाजारात नेली असती तर वर कोथिंबिरीची जुडी सहज मावली असती. आल्या दिवशी तिला आमच्या कोंबडीने अंगणातून हाकललं, आणि ती थेट माझ्या पदराखाली येऊन थरथरत बसली. शेजारच्या सुनंदावहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “आवं बाई, हे पिल्लू मोठं कवा होणार?” मी म्हटलं, “सहा वर्षांची आहे ती.” त्यांनी एकदा टिकलीकडे आणि एकदा आमच्या कोंबडीकडे बघितलं.

निघायच्या आधी केतकी दहा दिवस आमच्याजवळ राहिली. त्या दहा दिवसांत टिकली पुण्याहून आणलेल्या पिशवीतलं आपलं कुरकुरीत खाणं गुमान खात होती. जायच्या सकाळी केतकीने माझ्या हातात एक कागद दिला. टिकलीला आंघोळ कधी, स्वेटर कधी, फटाके वाजले तर कुठं लपवायचं, सगळं बारीक अक्षरात. आणि गाडीत बसता बसता म्हणाली, “आई, ही नीट जेवली तरच मी तिकडे राहणार. हिनं अन्न सोडलं ना, तर मिळेल त्या विमानानं परत येईन. नोकरी गेली खड्ड्यात.” ती बोलते ते करते. हा गुण माझा नाही.

तो तिच्या वडिलांचा. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावाने त्यांना परस्पर बढती दिली आणि सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. मीही म्हणते. नोकरीची चोवीस वर्षं त्यांनी लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात काढली. बर्फात, वाळवंटात, कुठेही दोनशे माणसांचं जेवण वेळेवर तयार. अडचण एवढीच की दोनशेच्या खालचा स्वयंपाक त्यांना येत नाही. एकदा मला ताप आला तेव्हा त्यांनी आम्हा दोघांपुरती डाळ केली. ती आम्ही दोघांनी, सुनंदावहिनींच्या घराने आणि आमच्या बेदाण्याच्या शेडवरच्या चौदा बायकांनी मिळून संपवली. मी प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. घरात दोन निवृत्त माणसं, दोघांनाही हुकूम सोडायची सवय.

केतकीचा कागद त्यांनी त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. टाचणीने नाही, चिकटपट्टीने नाही. कणकेची खळ शिजवून, कागदाच्या पाठीला चांगली चोपडून, वरून लाटणं फिरवून. “ऑर्डर भिंतीवर पायजे,” म्हणाले, “आन् वाऱ्यानं उडाया नको.” वाऱ्याने उडायची सोयच राहिली नाही.

केतकीची गाडी गेली आणि टिकलीने जेवण सोडलं.

पहिल्या दिवशी वाटलं, आठवण येत असेल. दुसऱ्या दिवशी मी दूधभाकरी कुस्करून दिली, वरणभात दिला, दही दिलं. मागच्या ओसरीत उंबऱ्याबाहेर तिची वाटी ठेवायची आणि आम्ही आत जेवायला बसायचं. आमच्याकडे कुत्र्याचं भांडं घरात घ्यायची पद्धत नाही, कितीही लाडकं असलं तरी. ती वाटीजवळ जायची, हुंगायची, आणि दाराकडे तोंड करून बसायची. माझ्या बोटावरची भाताची पेज तेवढी चाटायची, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. पिशवीतलं खाणं शिळं झालं असेल म्हणून सुभेदार दुकानातून नवीन घेऊन आले, पण तासगावात मिळालं ते राखणीच्या मोठ्या कुत्र्यांचं. त्यातला एक तुकडा टिकलीच्या तोंडात शिरायला तिला आधी जांभई द्यावी लागली असती.

आणि रोज संध्याकाळी आठ वाजता केतकीचा फोन. चेहरा दिसायचा तो. पहिला प्रश्न, “टिकली जेवली?”

मी म्हणायचे, “जेवली. वाटी चाटूनपुसून.” आणि रिकामी वाटी फोनसमोर धरायचे. वाटी खरंच रिकामी असायची. कोंबडी ती रोज इमानेइतबारे रिकामी करत होती. अठ्ठावीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या पोरांना ‘खोटं बोलू नये’ फळ्यावर लिहून गिरवायला लावलं, आणि आता आठच्या ठोक्याला स्वतः खोटं बोलत होते. सुभेदार मागे उभे राहून छताकडे बघायचे.

एक गोष्ट तेव्हा मी कुणाला सांगितली नाही. मी खरं बोलायचाच अवकाश होता. ‘नाही गं, चार दिवस उपाशी आहे’ एवढं म्हटलं असतं, की आठवड्याभरात लेक दारात. आणि मला ती दारात हवी होती. तिची खोली झाडताना, तिचा अर्धा राहिलेला साबण बघताना मला ती इतकी हवी होती की एकदोनदा शब्द जिभेवर आला. मग तिच्या पाठीमागची ती परक्या देशातली खिडकी दिसायची, खिडकीवर तिनं ठेवलेलं एक छोटं कुंडीतलं रोप दिसायचं, आणि मी म्हणायचे, “जेवली, जेवली.”

चौथ्या दिवशी आम्ही टिकलीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते दिवसभर म्हशी-बैल तपासणारे. त्यांनी आमच्यामागे बघून विचारलं, “जनावर कुठाय?” मी पदर बाजूला केला. त्यांनी तिला एका हातावर घेतलं, तोंड उघडून बघितलं आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागले. “बाई, ताप न्हाई, पोट चांगलं हाय. मन लागंना झालंय. पण दात बघा केवढं, तांदळाचं दाणं. असल्या बारक्या कुत्र्यांना सारखं मऊ घातलं की दात किडतात, हिरड्या सुजतात. घरीच भाजून कायतरी कुरकुरीत करा, बारीक. साखर नको, मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. दोन दिवसांत खाल्लं न्हाई तर सलाईन लावू.”

हे पथ्य मी कुंपणावरून सुनंदावहिनींना सांगितलं. सुनंदावहिनी जैन, त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कांदा-लसूण शिवत नाही. त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजे टिकली आमच्यातलीच की वो!” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून टिकलीच्या स्वयंपाकाची सल्लागार म्हणून त्यांनी स्वतःची नेमणूक करून घेतली. भोपळा त्यांनी सुचवला. दळायच्या आधी जात्यावर हात फिरवून ते स्वच्छ आहे ना, हेही त्यांनीच बघितलं. सूर्य मावळायच्या आत टिकलीला जेवायला घालावं, असंही त्यांचं म्हणणं होतं, पण आधी ती जेवू तर द्या, म्हटलं.

पीठ मळायला मी हात धुतले तर सुभेदार परात घेऊन बसलेले. “बाई, बाजूला व्हा. रेशनचं काम हाय.” ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, उकडलेला भोपळा, शेंगदाण्याचा कूट. सगळं बरोबर. फक्त पीठ पाच किलो होतं. अडीच किलोच्या कुत्रीसाठी पाच किलो पीठ! मी ओरडले तर म्हणाले, “कमी पडलं तर जवान उपाशी ऱ्हाईल.” मी कपाळावर हात मारून बाहेर गेले, आणि तिथेच चुकले. परातीजवळून त्या पाच मिनिटांत हलायला नको होतं.

आमच्याकडे बेकरीत आपलं पीठ-तूप नेऊन नानकटाई भाजून आणायची रीत आहे. परीक्षा संपल्या की बायका डबे घेऊन बेकरीसमोर ओळीने बसतात. सुभेदार ती पाच किलोंची परात डोक्यावर घेऊन त्या ओळीत जाऊन उभे राहिले. मी मागे, टिकली पदराखाली.

बेकरीवाले बाबूभाई म्हणाले, “सुभेदार, साखर किती घातली?”

“साखर मना हाय.”

“तूप?”

“न्हाई.”

“मीठ तरी?”

“त्येबी मना हाय.”

बाबूभाईंनी परातीत बोट घातलं, चव घेतली आणि काळजीने विचारलं, “घरात कुणी लय आजारी हाय का?” सुभेदारांनी माझ्या पदराकडे बोट केलं. टिकलीने डोकं बाहेर काढलं. ओळीतल्या सगळ्या बायकांनी आपापले डबे दोन पावलं मागे घेतले. बाबूभाई भला माणूस. म्हणाले, “भाजतो. पण माझ्या पत्र्यावर लोकांची नानकटाई असती. पत्रं तुमचं आणा.” घरात पत्रे कुठले? माझ्या लग्नात माहेरून आलेली सहा ताटं होती, नावं कोरलेली. ती भट्टीत गेली. काळी होऊन परत आली, आणि त्यावरचं ‘मामाकडून सप्रेम भेट’ आता बोटाने चाचपून वाचावं लागतं.

संध्याकाळी आठला फोन वाजला तेव्हा टेबलावर शंकरपाळीचा डोंगर होता. नेहमीप्रमाणे केतकीने विचारलं, नेहमीप्रमाणे मी म्हटलं, “जेवली. आज तर वाटीभर नवीन बिस्किटं खाल्ली. बाबांनी केलीत.”

सुभेदारांना आपलं कौतुक ऐकून राहवलं नाही. ते फोनसमोर आले आणि छाती काढून म्हणाले, “आगं, नुसती बिस्किटं न्हाईत. आपला एक नंबरचा हिरवा बेदाणा वाटून घातलाय त्यात. दोन्ही हातांनी! बेदाण्याबिगर तासगावात कायबी गोड लागत न्हाई.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. आता यात त्यांचा तरी काय दोष? पाहुण्याला चहाआधी मूठभर बेदाणा, देवाला बेदाणा, परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर बेदाणा, आजाऱ्याला रात्री भिजवलेला बेदाणा. चांगलं चिंतायचं झालं तर आमच्या गावचा हात आपोआप त्या डब्याकडे जातो.

तिकडे केतकीचा चेहरा पांढरा पडला. “बाबा! द्राक्षं, बेदाणे विष असतात कुत्र्यांना! आई, वाटीभर? वाटीभर खाल्ली तिनं? कधी? डॉक्टरला फोन लाव, आत्ता लाव. मी लिहिलं होतं ना! कागदाच्या मागं लिहिलं होतं!”

आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे बघितलं.

तोवर केतकी रडायला लागली होती. ओक्सीबोक्शी. इतक्या लांबून, त्या छोट्या चौकोनात. मग खोट्याला काही अर्थ राहिला नाही. मी म्हटलं, “केतकी, ऐक. तिनं एकपण खाल्लेलं नाही. एक दाणा नाही. नुसतं हुंगून तोंड फिरवलं. तू गेल्यापासून तिनं काहीच खाल्लेलं नाही. मी रोज खोटं बोलत होते.”

केतकी रडता रडता थांबली. मग हसायला लागली. मग हसता हसता पुन्हा रडायला लागली. मला आयुष्यात खोटं बोलल्याबद्दल कुणी असं माफ केलं नव्हतं. ज्या उपासापायी आम्ही चार दिवस डोकं धरून बसलो होतो, त्या उपासानेच टिकली वाचली होती. सुभेदार खुर्चीत बसले ते बसलेच. लंगरात दोनशे माणसं जेवली, कधी कुणाचं पोट दुखलं नाही, आणि म्हातारपणी हे. मी त्यांना पाणी दिलं.

मग उलथनं घेऊन आम्ही कागद सोडवायला लागलो. खळ फौजी होती. कागद तुकड्या-तुकड्याने निघाला, भिंतीचा रंगही घेऊन आला; तो चौकोनी डाग अजून आहे, आणि मी तिथे कॅलेंडर लावू देत नाही. मागच्या बाजूला लाल शाईत पहिलीच ओळ होती: ‘द्राक्षं, बेदाणे अजिबात नाही. जीव जाईल.’ दोनदा अधोरेखित. त्याखाली दुसरी ओळ, अर्धी फाटलेली: ‘टिकली एकटी जेवत नाही. जमिनीवर तिच्याशेजारी बसून आपणही...’ पुढचं भिंतीला राहिलं.

पाच किलो बिस्किटं दुसऱ्या दिवशी शेडवर गेली. बायकांनी ती चहात बुडवून खाल्ली आणि निरोप पाठवला, “बेदाणा बेस हाय, साखर तेवढी इसरलासा.”

नवीन पीठ मी स्वतः मळलं, दोन वाट्यांचं. सुभेदारांना बेदाण्याच्या डब्यापासून दहा पावलं लांब बसवलं. शंकरपाळीच्या कातण्याने मी हरभऱ्याएवढे चौकोन पाडले, जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवली आणि झाकून भाजले. झाले खमंग, पण आतून मऊ. डॉक्टरांनी कुरकुरीत सांगितलेलं. मी हताश होऊन बसले तेव्हा दहा पावलांवरून आवाज आला, “बाई, येक बोलू? वाळवणं हा आपला धंदा हाय. जाळ बारीक करून चालायचं न्हाई, वारं पायजे.” मग त्यांनी सुनंदावहिनींकडून धुतलेलं मलमलचं कापड आणलं, गच्चीवर दोन बाजांमध्ये ताणून बांधलं, खालून-वरून वारा लागेल असं, आणि त्यावर ती इवली शंकरपाळी एकेक सुटी मांडली. दर तासाला जाऊन दाणा दाताखाली धरून बघायचे. दिवसभर तिकडे शेडमध्ये मजूर वाट बघत होते आणि मालक गच्चीवर कुत्र्याचं वाळवण राखत बसले होते. ढग आला तेव्हा त्यांनी आधी गच्चीवरचं वाळवण आवरलं, मग शेड गाठली.

संध्याकाळी वाजवून बघितली. दाताखाली कडकन् मोडली.

टिकलीची वाटी मी उंबऱ्याच्या आत आणली. सुनंदावहिनी कुंपणावरून सगळं बघत होत्या. मी स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसले. टिकली दाराकडे तोंड करून बसलेली. सुभेदार गुडघ्यांमुळे पाटावर टेकले आणि म्हणाले, “जवान, खाना खा!” जवानाने कान हलवला, बस्स. मग मी तिच्या वाटीतली दोन शंकरपाळी उचलून माझ्या तोंडात टाकली. चव विचाराल तर भुसाच, पण कुरकुरीत. मी चावले. टिकलीने मान वळवली. मी आणखी दोन खाल्ली. सुभेदारांनीही खाल्ली, दर घासाला डोळे मिटून. ती उठली, माझ्या मांडीला अंग लावून उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि वाटीत तोंड घातलं.

फोन तेवढ्यात वाजला. मी काही न बोलता तो वाटीजवळ धरला. कुडुम, कुडुम, कुडुम. इवल्या दातांचा तो आवाज केतकी तिकडे श्वास रोखून ऐकत होती.

“आई, टिकलीच ना?”

“टिकलीच. या खेपेला खरंच.”

ती फोनच्या आणखी जवळ आली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता मला काळजी नाही गं. आता मी राहते इथं.” मी म्हटलं, “राहा.” खोटं बोलताना माझा आवाज कधी अडखळला नव्हता, तो त्या एका खऱ्या शब्दाला अडखळला. सुभेदार म्हणाले, “बाई, जमलं की गं!” मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

शंकरपाळीचा डबा नऊ दिवस पुरला. दहाव्या दिवशी सकाळी रिकामा डबा हातात घेऊन मी ओट्यापाशी उभी राहिले. सुभेदार शेडवर गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. पुन्हा केली नसती तर कुणी काही म्हणालं नसतं. टिकलीने अन्न सोडलं असतं, मी खरं ते सांगितलं असतं, आणि माझी लेक घरी आली असती. टिकली पायाशी येऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी भोपळा चिरायला घेतला.